आखाजीची घागर

आज संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. वर भरलेल्या माठाचं चित्र, त्याच्या तोंडावर आंब्याची पानं, आणि खाली मजकूर: ‘अक्षय्य तृतीयेनिमित्त जलदान. सर्वांनी सकाळी बागेत जमावे. झाडांनाही तहान असते.’ लगेच त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी फोन पालथा घातला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली आमची बाग, बागेपलीकडे भिंत, भिंतीपलीकडे चंद्राबाईचं भाताचं खाचर आणि खाचराच्या कोपऱ्यात तिची विहीर. त्या विहिरीकडे बघायचं नाही असं मी दर वैशाखात ठरवते, आणि दर वैशाखात बघते.

आमची सोसायटी नेऱ्याच्या कडेला आहे. एका अंगाला हिंजवडीकडे जाणाऱ्या कॅबचा रस्ता, दुसऱ्या अंगाला डोंगर. फ्लॅट विकताना एजंटाने गॅलरीचं दार ढकलून मोठ्या थाटात डोंगर दाखवला होता. तेव्हा पावसाळा होता, आणि डोंगर विकाऊ असता तर आम्ही तोही घेतला असता. वैशाखात तो काळा असतो. कुणीतरी वणवा लावलेला असतो, कुणी लावला हे कुणालाच माहीत नसतं, आणि वारा फिरला की काळी काडी उडत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. खाली खाचरांत भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याची राख पडलेली असते. टँकर गेटातून आत येतो तेव्हा त्याच्या मागच्या नळातून गळलेली ओळ डांबरावर उमटते आणि साळुंक्या तिच्यामागे धावतात. संध्याकाळी डोंगरावरचा मोर खाली येऊन भिंतीवर बसतो. लोक कौतुकाने त्याचे फोटो काढतात. मला त्याचं येणं आवडत नाही. वर पाणी असलं तर मोर इथे कशाला येईल?

पण या दिवसांत मी खरी घाबरते ती एका आवाजाला. गवतावर पाणी उडवणारी कारंजी असतात ना, गोल फिरणारी, त्यांचा आवाज. चट् चट् चट् चट्, मग थोडं थांबून परत चट् चट् चट्. ऐकायला गोड आहे. पाहुणे म्हणतात, किती शांत वाटतं तुमच्याकडे.

माझा धंदा सांगितला तर लोकांना तो धंदा वाटत नाही. कमी पाण्यात बाग कशी जगवायची ते मी शिकवते. माळ्यांना शिकवते, बागांची कंत्राटं घेणाऱ्यांना शिकवते आणि रविवारी सकाळी सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये पोह्यांच्या वासात कमिट्यांना शिकवते. मी मूळची लातूरकडची, त्यामुळे पाण्याचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, असं नवरा म्हणतो. शिकवायचं तसं थोडंच आहे. ज्यांची तहान सारखी ती झाडं शेजारी शेजारी लावायची. पाणी पानांवर उडवायचं नाही, मुळाशी द्यायचं. देण्याआधी मातीत बोट खुपसून बघायचं. उघडी माती पाचोळ्याने झाकायची. इथल्या डोंगरावर जे आपलं आपण जगतं तेच खाली आणायचं. आणि हिरवळ लावायचीच असेल तर माणसं खरोखर बसतात तेवढ्याच जागेत. बोट खुपसा म्हटलं की माळी खुपसतात. कमिटीवाले आधी आपल्या नखांकडे बघतात.

सगळ्यात अवघड धडा म्हणजे ‘झाडू नका’. पाचोळा मातीवर राहू द्या, तो ओल धरतो, असं मी वर्गात सांगते, माना हलतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खराट्याचे आवाज सुरू होतात. आमच्या बागेत झाडलोटीला येणारी चंद्राबाई तर वर्गातच उठून उभी राहिली होती. विहीरवाली चंद्राबाई ती हीच. उंच, हाडापेराने मोठी बाई, बोलताना समोरच्याच्या खांद्याला हात लावून बोलते.

“पाचोळा दारात ठिवायचा व्हय?” ती म्हणाली. “मॅडम, ज्या घरात मानूस गेलंय त्या घराम्होरं पाचोळा पडून ऱ्हातोय. आमी न्हाई ठिवनार.”

सगळा वर्ग तिच्या बाजूने होता. मी ओल, बाष्प, गांडुळं असं बरंच बोलले. शेवटी तिने पाचोळा राहू दिला, पण रोज सकाळी त्याच्याकडे बघून तोंड वाकडं करायची ते करायचीच.

जवळच्या नांदे गावातल्या एका हॉलमध्ये मी पहिल्यांदा वर्ग घेतला तेव्हा बाहेर शेतं होती. आता खिडकीतून टॉवरच्या क्रेन दिसतात आणि प्रत्येक टॉवरच्या जाहिरातीत हिरवंगार गवत असतं, त्यावर एक कुटुंब अनवाणी धावत असतं. माझं भांडण त्या गवताशी आहे. क्लबहाऊसमध्ये लोक मला विचारतात, मॅडम, देशी झाडं लावली तर साप येतील का? पाचोळ्यात डास होतील का? आणि शेवटी, जरा ओशाळून, दिसायला कशी दिसेल हो बाग? मी खरं ते सांगते. उन्हाळ्यात वाळलेली दिसेल, मेलेली नसेल. आमच्या स्वतःच्या सोसायटीत हे सांगितलं तेव्हा लोक हसले होते, आणि हात वर करून होही म्हणाले होते.

म्हणजे ज्या उन्हाळ्यापासून मी विहिरीकडे बघायचं टाळते, त्याची गोष्ट खरं तर त्या होकारापासून सुरू होते. आमचे सेक्रेटरी वाघमोडे, बार्शीकडचे, हिंजवडीत एका कंपनीत बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर. त्यांनी माझं भाषण ऐकलं आणि सभेत विषय मांडला. आमच्याकडे घरांना टँकरचं पाणी आणि गवताला बोअरचं, असा उलटा कारभार होता. बोअरचं पाणी जड, घरात चालत नाही, म्हणून ते बिनदिक्कत बागेत ओतलं जायचं. ठरलं असं की मागच्या बाजूचं, जिथे कुणीही कधी बसत नाही ते गवत काढायचं. तिथे धायटी, कुडा, निरगुडी, करवंद, दोनचार चाफे आणि डोंगरावरचं पवन्या गवत लावलं. पावसाळ्यात मुळं धरू दिली, पुढच्या वर्षभरात पाणी हळूहळू तोडत आणलं. आणि मग ठराव झाला: या उन्हाळ्यात बागेची बोअर पूर्ण बंद. बाग जगली तर बोअर कायमची बंद राहील. मेली तर पुन्हा लॉन.

मला बागेची काळजी नव्हती. करवंदाला वैशाख कसा काढायचा हे मी शिकवायची गरज नाही. माझा जीव अडकला होता तो भिंतीपलीकडे. चंद्राबाईचं घर आणि तिच्या भावकीची चार घरं त्या एका विहिरीवर प्यायची. आमच्याकडे लॉनला पाणी सुटलं की तिकडे विहीर उतरायची. दुपारपर्यंत कळशीचा दोर हातभर जास्त सोडावा लागायचा. वाघमोड्यांना हे पटत नव्हतं. “मॅडम, जमिनीखालचं कुणी बघितलंय?” ते म्हणायचे. तसं कुणीच बघितलेलं नव्हतं. पण बाग जगली तर काही सिद्ध न करताही बोअर बंद होणार होती, आणि मला तेवढं पुरे होतं.

गंमत म्हणजे चंद्राबाईला माझी बाग मुळीच आवडत नव्हती.

“खरं सांगू का मॅडम,” ती एकदा खराट्यावर हनुवटी टेकून म्हणाली, “तुमची ही काटंकुटं बगून जीव रमत न्हाई. लॉन किती ग्वाड हुतं! दुपारची भाकर खायाला टेकलं की बुडाखाली गार वाटायचं.”

“मग लावू या परत?”

“नगं,” ती म्हणाली. “हीर हाय माजी.”

त्याच दिवशी तिने मला विहीर दाखवली. जुनी, दगडात बांधलेली, आत उतरायला पायऱ्या. काठावर वाकून तिने खाली बोट दाखवलं. मला नुसतं हिरवट पाणी दिसलं. तिथे पाण्याखाली कडेला एक देवळी आहे, ती म्हणाली, आणि देवळीत आसरा आहेत, सात गोटे, शेंदूर लावलेले. पाण्याच्या देवी त्या. वर्षभर पाण्यातच असतात.

“त्या दिसत न्हाईत तवर बरं,” ती म्हणाली. “दिसल्या की आमी आंगुळी बंद करतो. पानी फकस्त प्यायला.”

“आणि कोरड्या पडल्या तर?”

“कोरड्या कशापायी पडतील? माज्या सासूच्या हयातीत न्हाई पडल्या.”

“पण समजा पडल्या?”

तिने पदर झटकला, खराटा उचलला आणि भिंतीच्या फटीतून बागेत निघून गेली. मला आपण काहीतरी अभद्र बोलून गेलो असं दिवसभर वाटत राहिलं.

चैत्र लागला तशी बागेने कपडे उतरवले. कुड्याची पानं गेली, चाफा नुसत्या बोटक्यांवर उभा राहिला, पवन्या वाळून पिवळा पडला आणि वारा आला की सळसळायचा. मला ती बाग फार सुंदर वाटायची. डोंगराचा एक तुकडा खाली येऊन पडलाय आणि आमच्यापैकी कुणालाच ओळखत नाहीये, असं काहीतरी. पण संध्याकाळी फिरायला येणारी माणसं आता त्या बाजूने जाईनाशी झाली. मुलं पलीकडे खेळायची. मी एक पाटी लावली: ‘बाग झोपली आहे. कृपया पाणी घालू नये.’ आठवड्याभरात कुणीतरी ‘झोपली’ शब्दावर काट मारून वर पेनने ‘मेली’ लिहिलं. मी ते खोडलं नाही. खोडलं असतं तर अजून कुणी लिहिलं असतं.

मला वाटायचं विरोध झालाच तर तो भांडखोर माणसांकडून होईल. कुणी मेंटेनन्सवरून हुज्जत घालणारा, कुणी फ्लॅट विकायला काढलेला. त्यांच्यासाठी मी मुद्दे तयार ठेवले होते. समोर आल्या त्या सुधाकाकू.

काकू आमच्याच मजल्यावर राहतात, मुलाकडे. अमळनेरच्या. काका गेल्यावर मुलाने इकडे आणलं. पायांनी थकलेल्या, पण लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला नावानिशी ओळखतात, आणि माझ्या मुलीच्या तापात रात्रंदिवस माझ्या घरी बसल्या होत्या. इतकं मऊ माणूस मी पाहिलेलं नाही. त्यांना ती बाग बघवेना. रोज संध्याकाळी त्या तांब्याभर पाणी घेऊन खाली उतरायच्या आणि चाफ्याच्या बुंध्याशी ओतायच्या, हळू, एखाद्या आजाऱ्याला पाजावं तसं.

“काकू, त्याला नकोय पाणी. आत्ता दिलं तर त्याचं चुकतं.”

“अगं, तहानलेल्याला पाणी द्यावं एवढंच शिकलो आम्ही जन्मभर,” त्या म्हणाल्या. “तू ‘देऊ नका’ शिकवतेस. मला या वयात कसं गं जमायचं?”

मी त्यांना शास्त्र सांगितलं. पान गाळून झाड आपलं पाणी वाचवतं, अवेळी पाणी मिळालं की फसतं, कोवळी पानं काढतं आणि ती उन्हात करपतात. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि तांब्या रिकामा केला. मग मी विहिरीचं सांगितलं. चंद्राबाईचं नाव निघाल्यावर त्यांचा चेहरा खरोखर दुखावला.

“अरे देवा! मग तिलाही देऊ की पाणी,” त्या म्हणाल्या.

तांब्याभर पाण्याने कुणाची विहीर आटत नाही. त्याची मला भीती नव्हती. पण काकूंचं बघून बाकीची माणसं विरघळायला लागली, हे मला गॅलरीतून दिसत होतं. कुणी ऑफिसची बाटली रिकामी करू लागलं, कुणी मुलाच्या हाताने एक मग ओतवून फोटो काढू लागलं. पक्ष्यांसाठी वाडगे लागले, गेटबाहेर पाणपोई लागली. सगळं चांगलं होतं. इतकी चांगली माणसं एकदम एका दिशेने निघाली की मला धडकी भरते, तेव्हापासून भरते.

मग एका सकाळी चंद्राबाई कामावर आली ती खराटा न घेताच.

“आसरा दिसाय लागल्या, मॅडम.”

मी तिच्यासोबत गेले. पाणी बरंच खाली होतं आणि देवळीत सात डोकी पाण्याच्या वर आली होती, शेंदूर ओला, चकाकणारा. खाली कुठेतरी एक बारीक झरा होता, तो रात्रभर जमवून देत होता तेवढंच पाणी पाच घरं वाटून घेत होती. त्यात चंद्राबाईची सून गरोदर होती. तिला पाण्याची कळशी उचलू देत नव्हते, म्हणून ती काठावर नुसती बसून खाली बघत बसायची. मला तिचं ते बघणं अजून आठवतं. मी परतले आणि थेट वाघमोड्यांकडे गेले. त्यांनी खिशातून मोटरच्या खोलीची किल्ली काढून दाखवली. “माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, मॅडम. निश्चिंत राहा.” ते खरंच बोलत होते. मी निश्चिंत राहिले नाही, पण घरी गेले.

अक्षय्य तृतीयेला माझा नांद्याला वर्ग होता. कंत्राटदारांना सुट्टीचाच दिवस सोयीचा पडतो. त्या दिवशी मी फार छान शिकवलं असणार, कारण कधी नव्हे ते लोकांनी प्रश्न विचारले आणि एका म्हाताऱ्या माळ्याने वर्ग संपल्यावर मला आपल्या डब्यातली पुरणपोळी दिली. येताना रस्त्यात कॅब अडकली. ऊन इतकं होतं की समोरच्या डंपरची फळी वितळून हलतेय असं दिसत होतं. सोसायटीच्या गेटात शिरले आणि आधी आवाज ऐकला. चट् चट् चट् चट्.

सगळी कारंजी चालू होती. पुढच्या बसायच्या तुकड्यावरची आणि मागची, लॉन काढल्यावर तशीच राहिलेलीही. झोपलेल्या बागेवर पाणी उडत होतं, उन्हात त्यात इंद्रधनुष्य पडलं होतं, मुलं चपला काढून चिखलात नाचत होती. ओल्या मातीचा वास इतका दाट होता की क्षणभर मलाही बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. कट्ट्यावर मातीच्या घागरी ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर छोटं मडकं आणि त्यावर आंबा. काकू नव्या लुगड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ ओढलं.

“बघ, कशी हसतेय बाग! आमच्या खानदेशात आखाजीला घागर भरतात गं, गेलेल्या माणसांसाठी. यांच्या नावाची भरली पहिली. म्हटलं, झाडंही तहानलेलीच आहेत, त्यांनाही मिळू दे.”

वाघमोडे हातात सरबताचा ग्लास घेऊन आले. “मॅडम, रागावू नका. सण आहे. सगळ्यांची इच्छा होती. काकूंना नाही कसं म्हणणार?”

“कधीपासून चालू आहे?”

“सकाळपासून. एकच दिवस. पुण्याचं काम आहे, त्यात वाईट काय?”

“आधी बंद करा.”

“करतो ना. ग्रुप फोटो झाला की करतो.”

त्यांच्या चेहऱ्यावर काहीही लबाडी नव्हती. कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. मला त्या क्षणी कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडण्याजोगं एकही माणूस सापडत नव्हतं.

“चंद्राबाई कुठेय?” मी विचारलं.

“तिला दुसरी घागर दिली मी,” काकू म्हणाल्या. “डोक्यावर घेऊन गेली. जाताना पाया पडली माझ्या.”

मी भिंतीकडे धावले. पण तिकडे काय पाहिलं ते सांगण्याआधी नंतरचं सांगून टाकते, कारण नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे.

आठ दिवसांत बाग फुटली. चाफ्याला लालसर कोवळी पानं, कुड्याला पोपटी फूट. ग्रुपवर फोटोंचा पूर आला. मग ती पानं वैशाखाच्या उन्हात करपायला लागली, आणि ती करपू नयेत म्हणून आणखी पाणी सोडलं गेलं. पावसाळ्याआधीच्या सभेत ठराव एकमताने झाला: बागेला थोडं पाणी लागतंच, बोअर चालू ठेवावी. मी उभी राहून बोलले. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. लॉन काही परत आलं नाही. गेटपाशी ‘कमी पाण्याची आदर्श बाग’ अशी पाटी मात्र आली, ती अजून आहे, आणि तिच्या मागे उन्हाळाभर करवंदावर कारंजी फिरतात. दुसऱ्या सोसायट्यांतून माणसं बघायला येतात तेव्हा वाघमोडे मला बोलावून घेतात. मी खरं ते सांगते. पाहुणे अवघडतात आणि चहा घेतात.

विहीर त्या पावसाळ्यात भरली. पण तेव्हापासून आसरा दर वर्षी आधीच्या वर्षापेक्षा लवकर उघड्या पडतात. यंदा तर होळीची राख अजून चौकात होती तेव्हा चंद्राबाई मला म्हणाली, “आल्या वर.” नुसतं एवढंच म्हणाली, पाहुण्या आल्या म्हणावं तसं. आता पाच घरांसाठी टँकर येतो आणि विहिरीच्या काठावर निळी पिंपं मांडलेली असतात. आमची बोअरही पूर्वीसारखी राहिलेली नाही. मधेच घशात अडकल्यासारखी थांबते, पाइपातून हवा फुसफुसते, मग पुन्हा पाणी येतं. कमिटी आणखी खोल जायचा विचार करते आहे. मी डोंगराकडे बघते, तो काळा. भिंतीवर मोर येऊन बसलेला. आणि मला वाटतं, आता आपली पाळी फार लांब नाही. हे मी सभेतही बोलले. तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत.

शिकवणं मी सोडलेलं नाही. वर्गात आता एक धडा वाढवला आहे. कमिटीवाल्यांना सांगते, झाडं कुठली लावायची ते नंतर ठरवू, सणाच्या दिवशी मोटरच्या खोलीची किल्ली कुणाकडे असेल ते आधी ठरवा. सगळे हसतात. मी नाही हसत.

आणि काकूंना मी सांगितलं नाही असं नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. पुढच्या वर्षी त्यांनी चंद्राबाईसाठी आणखी मोठी घागर आणली.

यंदाची घागर आता माझ्या ओट्यावर आहे. मघाशी काकूंच्या मुलाने आणून दिली. काकूंचे गुडघे फार दुखतात, तेव्हा उद्या सकाळी तूच भरून चंद्राबाईच्या हातात दे, असा निरोप आहे. छान घडवलेली आहे, गेरूने रंगवलेली, गळ्याशी पांढऱ्या नक्षीचा गोफ. मी तिला टिचकी मारून बघितलं. नाद खणखणीत आहे. ग्रुपवर उत्तर लिहायला तीनदा फोन उचलला आणि तिन्ही वेळा ठेवून दिला. उद्या सकाळी लवकर उठून वाघमोड्यांच्या दाराशी उभी राहणार आहे, एवढं ठरवलंय. ते दार उघडतील आणि सरबत विचारतील.

त्या अक्षय्य तृतीयेला मी भिंतीच्या फटीतून पलीकडे गेले तेव्हा चंद्राबाई विहिरीच्या काठावर उभी होती. डोक्यावरची घागर तिने अजून उतरवली नव्हती. शेजारी गरोदर सून, तिच्या पायाशी रिकामी कळशी, कळशीच्या तोंडाला चिखल. मी वाकून बघितलं. तळात काळपट चिखल होता, त्यात एका बेडकाची हालचाल, आणि बाकी काही नव्हतं. झरा बसला होता. देवळीतले सातही गोटे कोरडे ठणठणीत होते. शेंदराने भेगाळून खपल्या धरल्या होत्या आणि एका गोट्याचा खालचा मूळ काळा दगड उघडा पडला होता.

“आत्याबाई,” सून म्हणाली, “ते पिऊ या की. सकाळपास्नं घोटभर न्हाई घरात.”

“थांब,” चंद्राबाई म्हणाली.

तिने चपला काढल्या आणि घागर काखेत घेऊन ती विहिरीत उतरायला लागली. मी “अहो, सांभाळून” असं काहीतरी म्हणाले. तिने वर बघितलं नाही. एरवी पाण्याखाली असणाऱ्या त्या पायऱ्यांवर शेवाळ वाळून कातडीसारखं सोललं होतं, आणि त्यावर तिची अनवाणी पावलं सावकाश पडत होती. देवळीपाशी ती बसली. आंबा तिने बाजूला ठेवला. मग घागर तिरकी करून एकेका गोट्यावर पाणी ओतलं, सगळं, थेंब न राखता. शेंदूर पुन्हा चकाकला. पाणी गोट्यांवरून उतरलं, देवळीच्या काठावरून खाली चिखलात पडलं, आणि चिखलाने ते गिळून टाकलं.

“घ्या,” ती म्हणाली. “तुमचंच हाय.”

सून रडत नव्हती. ती नुसती चिखलाकडे बघत होती.

चंद्राबाई वर आली. आंबा तिने सुनेच्या ओटीत टाकला, घागर काठावर पालथी घातली आणि पदराने तोंड पुसलं. मग तिने पहिल्यांदाच माझ्या खांद्याला हात न लावता माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे कान दिला.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुमची मोटर अजून चालूच हाय व्हय?”